गाणं आपलं, मग सॉफ्टवेअर कोणतं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर शहरातल्या स्टुडिओवाल्यांचं काम, आपला काय संबंध? पण गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गटांकडून एकच प्रश्न आला आहे. ‘ताई, आमच्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या आणि आमची भजनं रेकॉर्ड करून रेडिओला पाठवायची आहेत. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?’ एका गटाला तर तालुक्याच्या दुकानदाराने लॅपटॉप, माईक आणि ‘फुल्ल स्टुडिओ सॉफ्टवेअर’ असा सगळा संच मिळून मोठा आकडा सांगितला आहे, आणि गटाने तो बैठकीच्या वहीत लिहूनही घेतला आहे. पैसा बचतीचा आहे. म्हणून ठराव व्हायच्या आधी आपण नीट बोलून घेऊ.

पहिल्यांदा हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते बघू. आवाज रेकॉर्ड झाला की तो संगणकाच्या पडद्यावर एका लांब पट्टीसारखा दिसतो. मोठा आवाज असेल तिथे पट्टी जाड, शांत असेल तिथे बारीक. या पट्टीचे तुकडे करता येतात, नको तो भाग कापता येतो, दोन तुकडे जोडता येतात, एका पट्टीखाली दुसरी पट्टी ठेवून दोन्ही एकदम वाजवता येतात. अशा एकेका पट्टीला ट्रॅक म्हणतात. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे समजायला दोन मिनिटं लागतात: चिंध्या निवडायच्या, कापायच्या, जोडायच्या आणि शेवटी टाके घालून एक अखंड गोधडी करायची. सॉफ्टवेअर म्हणजे सुई, दोरा आणि कात्री. गोधडी चांगली होणार की नाही हे मात्र आधी कापडावर ठरतं. त्याच्याकडे मी पुढे येते.

बाजारात आणि इंटरनेटवर अशी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. नावं ऐकून गोंधळायला होतं. पण त्यांच्यात ढोबळपणे दोन घराणी आहेत आणि आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

पहिलं घराणं जुन्या टेपरेकॉर्डरचं. तुम्ही गा, ते ऐकून घेतं. तुम्ही जेवढं गायलात, जसं गायलात, तसं ठेवतं. नंतर कापायचं, जोडायचं, आवाज कमीजास्त करायचा. ऑडॅसिटी आणि रीपर ही या घराण्यातली.

दुसरं घराणं चौकटींचं. इथे पडद्यावर वहीच्या पानासारखे रकाने असतात. एका रकान्यात ढोल, दुसऱ्यात टाळी, तिसऱ्यात सूर, असे ठोके भरत जायचे आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. एफएल स्टुडिओ हे यातलं फार गाजलेलं नाव. ते बेल्जियमच्या कंपनीचं आहे आणि पूर्वी त्याचं नाव फ्रुटी लूप्स होतं. लूप म्हणजे फिरून फिरून येणारा तुकडा. वरातीतल्या डीजेचा जो ठोका तुम्ही ऐकता, तो बहुतेक वेळा अशाच कुठल्या तरी चौकटींच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेला असतो. दुसऱ्या घराण्यातही गाणं रेकॉर्ड करता येतं आणि पहिल्या घराण्यातही ठोके भरता येतात, हे खरं. पण घरात कुणाची वागण्याची रीत काय, ते महत्त्वाचं. चौकटीच्या सॉफ्टवेअरची रीत अशी, की आधी गती ठरवा, मग त्या गतीत गा.

आता आपल्या ओवीकडे बघा. जात्यावरच्या ओवीची गती जात्याच्या हाताबरोबर चालते. मूठभर दाणे घालताना हात थोडा थांबतो, तशी ओवीही रेंगाळते. पीठ जाडं येतंय असं वाटलं तर बाई हळू फिरवते. एकीने ओवी उचलली की दुसरी मागून धरते आणि दोघींच्या श्वासात अर्ध्या क्षणाचं अंतर असतं. भजनाचंही तसंच आहे. सुरुवातीला संथ, मग टाळ चढत जातात, शेवटी गती दीडपट-दुप्पट होते, आणि ती चढणंच भजनाची मजा असते. असं गाणं ठरावीक ठोक्यांच्या रकान्यांत बसवायला गेलं तर दोनच गोष्टी होतात. एक तर सॉफ्टवेअर गाण्याला ओढूनताणून सरळ करतं, नाहीतर बाया कानात वाजणाऱ्या ‘टिक टिक’कडे लक्ष देऊन गाऊ लागतात आणि ओवीतला जीव जातो. सत्तर वर्षांची आजी कानात टिकटिक घालून गाईल, असं मला तरी वाटत नाही. तिने का गावं?

म्हणून माझं सांगणं सोपं आहे. ओव्या, भजनं, हादग्याची-भोंडल्याची गाणी, डोहाळजेवणाची गाणी, म्हणजे जे जसं गायलं जातं तसं ठेवायचं आहे, त्यासाठी पहिल्या घराण्यातलं सॉफ्टवेअर घ्या. गटातल्या तरुण मुलींना स्वतःचं नवं गाणं रचायचं असेल, ठेका लावायचा असेल, रेडिओवरच्या कार्यक्रमासाठी सुरुवातीची धून बांधायची असेल, तर दुसऱ्या घराण्याकडे बघा. दोन्ही कामं असतील तर दोन वेगळी साधनं ठेवायला हरकत नाही. घरात विळी असली म्हणून कुणी कोयता टाकून देत नाही.

हे झालं घराण्याचं. पण नेमकं कोणतं घ्यायचं हे ठरवण्याआधी एक काम करा, आणि ते काम संगणकावर नाही, कागदावर करायचं आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत एक गाणं गळ्यातून निघून रेडिओपर्यंत कसं जाणार, तो रस्ता काढा. गाणं कुठे म्हटलं जाणार, देवळात की कुणाच्या ओसरीवर? रेकॉर्ड कशावर होणार? ते यंत्र कुणाच्या हातात असणार? कापाकापी कोण करणार, तिला वेळ कधी मिळतो? तिच्याकडे संगणक आहे की फक्त फोन? वीज कधी असते? तयार गाणं केंद्रापर्यंत कसं पोचणार, नेटवरून की पेनड्राईव्ह घेऊन एसटीने? हे सगळं खरं खरं लिहा. ‘लॅपटॉप घेतल्यावर’ वगैरे लिहू नका, आज जे आहे ते लिहा. अर्ध्या गटांना इथेच उत्तर मिळतं. ज्या गटाकडे संगणकच नाही त्याने संगणकावरच्या सॉफ्टवेअरची चर्चा करून काय उपयोग?

या रस्त्यातला सगळ्यात नाजूक टप्पा म्हणजे ‘कापाकापी कोण करणार’. बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, अमकीची मुलगी करेल, ती बारावीला आहे, तिला सगळं जमतं. चांगलं आहे. पण ती पुढच्या वर्षी होस्टेलला जाईल, नाहीतर तिचं लग्न होईल. मुलगी सासरी गेली की सॉफ्टवेअरही सासरी गेलं! म्हणून निवड करताना मुलीला काय जमतं हे बघू नका. गटातल्या आणखी एका बाईला, जिने आजवर फोनवर फक्त बोलणं आणि व्हिडिओ बघणं केलंय, तिला दोन-तीन संध्याकाळी बसून जे जमेल, ते आपल्या गटाचं सॉफ्टवेअर. शंभर सोयी असलेलं आणि एकीलाच येणारं, त्यापेक्षा दहा सोयींचं आणि दोघींना येणारं बरं.

आता एकेक बघू.

फक्त फोन असेल तर घाबरू नका. साध्या अँड्रॉइड फोनमधलं रेकॉर्डर ॲपही सुरुवातीला पुरतं. मात्र ॲप निवडताना तीन गोष्टी तपासा. ते वेव्ह फाईलमध्ये साठवतं का, रेकॉर्डिंगची सुरुवात आणि शेवट कापता येतो का, आणि कापल्यावर त्यात कंपनीची जाहिरात किंवा आवाज घुसत नाही ना. वेव्ह फाईल म्हणजे आवाज न दाबता ठेवलेली फाईल. एमपी-थ्री ही दाबलेली. वाळवणाचे पापड कसे, तळल्यावर पुन्हा कच्चे होत नाहीत, तसं एकदा दाबलेला आवाज पूर्वीसारखा होत नाही. वेव्ह फाईलला जागा जास्त लागते, एका माईकच्या आवाजाला मिनिटाला साधारण ५ एमबी. तेच एमपी-थ्रीमध्ये बऱ्या दर्जाचं ठेवलं तर मिनिटाला सुमारे १ एमबी. म्हणून मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये ठेवायचं आणि पाठवायची प्रत एमपी-थ्रीमध्ये काढायची.

फोनची एक खोड मात्र माहीत असू द्या. फोन मुळात बोलण्यासाठी बनलेला. पुष्कळ फोन बोलणाऱ्याचा आवाज ठेवून मागचा सलग आवाज आपणहून दाबतात. रस्त्यावरून बोलताना ते उपयोगाचं असतं. पण जात्याची घरघर हाही सलग आवाजच! फोनला ती कटकट वाटते आणि तो ती पुसतो. मग ओवी ऐकताना मागे जातं कधी आहे, कधी नाही, असं होतं. तेव्हा रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज स्वच्छ करण्याची, म्हणजे नॉइज कमी करण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा, आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. जातं सलग ऐकू आलं पाहिजे.

लॅपटॉप असेल, किंवा शाळेचा, ग्रामपंचायतीचा संगणक आठवड्यातून दोन तास मिळत असेल, तर माझं पहिलं बोट ऑडॅसिटीकडे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचं काम सुरू झालं आणि २००० साली ते लोकांसाठी खुलं झालं. ते मोफत आहे. तीस दिवस मोफत आणि मग पैसे, अशातलं ते नाही. कायमचंच मोफत, आणि गटातल्या सगळ्यांच्या संगणकांवर टाकलं तरी चोरी होत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. फोनवर मात्र चालत नाही. फोनच्या दुकानात त्या नावाशी मिळतंजुळतं काही दिसलं तर ते वेगळं आहे हे ओळखा. संगणकावर घेतानाही ऑडॅसिटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, नाहीतर सोबत भलतंच काहीतरी येतं. त्यात भाषा बदलायची सोय आहे. बटणांची इंग्रजी नावं बघून कुणी बिचकत असेल तर भाषांची यादी उघडून पाहा.

ऑडॅसिटीत आपलं काम कसं चालतं ते सांगते. फोनमधली फाईल संगणकावर घ्यायची आणि ऑडॅसिटीत उघडायची. पट्टी दिसेल. पुढचं ‘चालू केलं का गं?’ आणि मागचं ‘झालं, बंद कर’ कापायचं. मध्ये कुणाला खोकला आला, कोंबडा आरवला, तो भाग ऐकून ठरवायचं. मी कोंबडा सहसा ठेवते. पहाटेच्या ओवीत कोंबडा नको तर काय हवं? सुरुवातीला आवाज हळूहळू चढवायचा, शेवटी हळूहळू उतरवायचा, त्यासाठी फेड इन आणि फेड आउट अशी दोन बटणं आहेत. चुकलं तर कंट्रोल आणि झेड दाबलं की मागे जाता येतं. गाणं वरच्या पट्टीत आणि निवेदन करणाऱ्या ताईंचा आवाज खालच्या पट्टीत ठेवला, तर ऑटो डक नावाची सोय आहे. ताई बोलायला लागल्या की गाणं आपोआप मान खाली घालतं, त्या थांबल्या की पुन्हा वर येतं. रेडिओच्या कार्यक्रमाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

खरखर काढायचीही सोय आहे, नॉइज रिडक्शन. जिथे कुणी गात-बोलत नाही, फक्त पंख्याची घरघर आहे, असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा सॉफ्टवेअरला आधी दाखवायचा. ‘हा आवाज नको’ असं ते शिकतं आणि मग पूर्ण गाण्यातून तेवढं वजा करतं. मीठ घालताना घालतो तेवढ्या बेताने हे करायचं. जास्त केलं की गाणारी बाई विहिरीतून गातेय असं वाटतं. कमी करायचा आकडा सहाच्या आसपास ठेवून ऐका, पुरलं तर तिथेच थांबा. आणि जात्याचा आवाज चुकूनही ‘नको’ म्हणून शिकवू नका.

नव्याने शिकणारी हमखास गोंधळते ती जागा आता सांगते. ‘सेव्ह’ केलं की ऑडॅसिटी आपली प्रोजेक्ट फाईल ठेवतं. ती म्हणजे मागावरचं अर्धं कापड. ती रेडिओला पाठवली तर तिथे वाजणार नाही, ती फक्त ऑडॅसिटीत उघडते. ऐकण्याची फाईल हवी तर ‘एक्स्पोर्ट’ करावं लागतं, वेव्ह किंवा एमपी-थ्री. तयार फाईल आली म्हणून प्रोजेक्ट लगेच पुसू नका, केंद्राने दुरुस्ती सांगितली तर तिथूनच करायची असते. एक फार बरं आहे, मध्येच वीज गेली आणि संगणक बंद पडला, तर पुढच्या वेळी उघडताच ऑडॅसिटी विचारतं, अर्धवट राहिलेलं परत आणू का? आपल्याकडच्या भारनियमनात या एका गोष्टीवर मी त्याला मार्क देते.

रीपर हे त्याच घराण्यातलं, जास्त ताकदीचं आणि तरीही जुन्या संगणकावर हलकं चालणारं. ज्या भजनी मंडळाकडे दोन-चार माईक आणि ते संगणकाला जोडायची पेटी आहे, गायिका एका पट्टीवर, पखवाज दुसऱ्यावर, टाळ तिसऱ्यावर असं वेगवेगळं ठेवायचं आहे, त्यांना ते सोयीचं पडतं. नंतर पखवाज जास्त वाटला तर तेवढाच कमी करता येतो. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. मग परवाना घ्यायचा, लहान वापरणाऱ्यांसाठी तो ६० डॉलरचा आहे, म्हणजे आपले साधारण पाच हजार रुपये. एकाच माईकवर काम चालतं अशा गटाला याची गरज नाही, हे मी स्पष्ट सांगते.

बँडलॅब हे थोडं निराळं. फोनवर चालतं, मोफत आहे, आणि काम इंटरनेटवर साठतं. त्यामुळे एक बाई गावात आणि दुसरी ऊसतोडीला कारखान्याच्या फडावर असली, तरी दोघी एकाच गाण्यात आपापला आवाज घालू शकतात. ज्या गटातल्या निम्म्या बाया दिवाळीनंतर चार-पाच महिने गावाबाहेर असतात, त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे. अडचण दोन ठिकाणी. नेट नसेल तर गाडी अडते. आणि त्यात सूर आपोआप ‘सुधारण्याची’ सोय आहे. ती पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे आवाजाला जवळच्या सुरावर ढकलते. आपल्या ओवीत दोन पट्ट्यांच्या मधला सूर लागतो, तो चुकून लागलेला नसतो, तीच चाल असते. तेव्हा ती सोय बंद ठेवायची. दुसरीचं रेकॉर्डिंग ऐकत आपण गाताना वायरचेच इअरफोन वापरा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि मग दोघी जुळत नाहीत.

गॅरेजबँड चांगलं आहे, पण ते फक्त ॲपलच्या फोन-संगणकांवर. ज्यांच्याकडे असेल त्यांनी वापरावं.

एफएल स्टुडिओ मागणाऱ्या मुलींना एवढं सांगा, की त्याची मोफत चाचणी आवृत्ती घेऊन आधी खेळा. त्यात गाणं सेव्ह होतं, पण विकत घेतल्याशिवाय सेव्ह केलेलं पुन्हा उघडून त्यात काम करता येत नाही. म्हणून चाचणी आवृत्तीत एका बैठकीत होईल तेवढंच करायचं, एक्स्पोर्ट करायचं आणि उठायचं. हे माहीत नसेल तर आठवडाभराची मेहनत समोर दिसते आणि हाती लागत नाही.

दुकानदाराच्या ‘फुल्ल स्टुडिओ’बद्दलही बोलायला हवं. पन्नास-साठ हजारांची सॉफ्टवेअर पाचशे रुपयांत टाकून देतो असं कुणी म्हणालं, तर ती कुलूप तोडून आणलेली असतात. त्यातून संगणकात व्हायरस येतो, गटाचे हिशोब, सभासदांचे आधार क्रमांक आणि बँकेची कागदं त्याच लॅपटॉपवर असतात. मोफत आणि सरळ मार्गाचं इतकं चांगलं मिळत असताना चोरीचं कशाला? बिलावर सॉफ्टवेअरचं नाव आणि परवाना वेगळा लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याच्याकडून फक्त यंत्र घ्या. तेही घाईने नको. आधी आहे त्या फोनवर आणि उसन्या संगणकावर तीन गाणी पूर्ण करून रेडिओला पाठवा. तीन गाण्यांत कळतं की आपल्याला खरंच काय कमी पडतंय. बहुतेक वेळा संगणक कमी पडलेला नसतो, हजार-बाराशेचा वायरचा माईक किंवा एक बरा हेडफोन कमी पडलेला असतो.

आता कापडाकडे येते. खराब रेकॉर्डिंग कोणतंही सॉफ्टवेअर पूर्ण सुधारू शकत नाही. पत्र्याच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि घुमलेला आवाज नंतर काढणं फार अवघड. तेव्हा गाणाऱ्यांच्या मागे आणि समोर दोरीवर गोधड्या, वाकळा टाका, खाली सतरंजी घाला. पंखा बंद, फ्रीज असेल तर तेवढा वेळ बंद, फोन फ्लाईट मोडवर. फोन जमिनीवर ठेवू नका, जात्याचा हादरा त्यात उतरतो. चार घड्या केलेल्या साडीवर, पाटावर ठेवा. एकटी गात असेल तर तोंडापासून दीड-दोन वीत. गट असेल तर अर्धगोल करून बसा, नाजूक आवाजाची बाई पुढे, खड्या आवाजाची मागे, ढोलकी-पखवाज पाच-सहा फूट लांब. सगळ्यात मोठा आवाज जिथे होतो ते कडवं आधी म्हणून बघा. पट्टी वरखाली कडेला टेकून सपाट झाली, म्हणजे आवाज फाटला. फाटलेला आवाज शिवता येत नाही. मग माईक थोडा मागे घ्या.

हे सगळं इतक्या बारकाईने का सांगते? कारण आजी पुन्हा गाईलच असं नसतं. आपल्याकडे ओव्या गोळा करण्याचं फार मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यातून केलं. गावोगावच्या बायांकडून त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या उतरवल्या, १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. हा संग्रह आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. ऐका, तुमच्या तालुक्यातली एखादी बाईही भेटेल. त्यात ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. नाहीतर आपल्या गाण्यांखाली नेहमी काय लिहितात, ‘पारंपरिक’. म्हणजे कुणाचीच नाही.

म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की पहिल्यांदा गाणारीने स्वतःच्या तोंडाने नाव, गाव, तारीख आणि ही ओवी कुणाकडून शिकली ते सांगावं. हे रेडिओवर वाजवायचं नसेल तर नंतर कापता येतं, मूळ फाईलमध्ये राहू द्या. फाईललाही तसंच नाव द्या, आधी तारीख, मग गाव, मग गाणारीचं नाव. ‘नवीन १’, ‘नवीन २ फायनल’ अशा नावांत सहा महिन्यांनी कुणाला काही सापडत नाही. गाणं रेडिओवर लावू का, नेटवर टाकू का, हेही तिला आधी स्वतंत्रपणे विचारा. काहींना रेडिओ चालतो, मोबाईलवर सगळीकडे फिरलेलं चालत नाही. माहेरच्या दुःखाची ओवी सासरच्या माणसांनी ऐकावी, हे प्रत्येकीला परवडत नाही. ती नको म्हणाली तर ती ओवी फक्त गटाच्या पेटीत राहील. आणि चित्रपटाच्या चालीवरचं भजन असेल तर केंद्राला आधी कळवा, त्या चालीवर दुसऱ्याचा हक्क असतो.

मूळ वेव्ह फाईल दोन ठिकाणी ठेवा. एक संगणकावर आणि एक पेनड्राईव्हवर, तो पेनड्राईव्ह गटाच्या कागदपत्रांच्या पेटीत. त्याच पेनड्राईव्हवर पिक्चर आणि लग्नाचे व्हिडिओ भरायचे नाहीत, हे घरातल्या मुलांना बजावून ठेवा.

पाठवण्याचं एवढंच. व्हॉट्सॲपच्या माईकचं बटण दाबून गाऊ नका, तो आवाज फार दाबला जातो आणि रेडिओवर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. तयार फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडली तर ती आहे तशी पोचते. केंद्राला वेव्ह हवी की एमपी-थ्री, आणि गाणं किती मिनिटांपर्यंत चालेल, हे पहिल्या वेळी फोन करून विचारा. सोबत एका कागदावर गाणाऱ्यांची नावं लिहून त्याचा फोटो पाठवा, म्हणजे निवेदन करताना आम्ही नाव चुकवणार नाही.